बिडाची पाणपोई आणि झाकणमावशी

माझ्या मावशीला गल्लीत सगळे झाकणमावशी म्हणत. तिला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण काम तेच होतं. ती फाउंड्रीत वाळूचे साचे भरायची आणि त्या साच्यांतून निघायची ती रस्त्यावरच्या गटारांची जड, गोल, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची झाकणं. तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे दिव्यच. बाकीचे लोक दुकानांकडे बघत चालतात, मावशी जमिनीकडे बघत चालायची. मध्येच थांबून बुटाच्या टाचेने एखादं झाकण ठोकायची, कान द्यायची आणि म्हणायची, "हे माझं." थोडं पुढे गेलं की पुन्हा थांबायची. "हे माझं नाही. कड बघ, उंदराने कुरतडल्यासारखी आलीय." मागून येणारी माणसं आमच्यावर आदळायची आणि मी दुसऱ्याच कुणाची तरी भाची असल्यासारखी पुढे सटकायचे.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागच्या खोलीत संसार. बायकोला चिडवायची एकही संधी ते सोडत नसत. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगायचे, "मी केलेलं लोक अंगावर मिरवतात, हिने केलेलं पायाखाली तुडवतात."

आतून मावशीचा आवाज यायचा, "तुमची शिवण उसवली तर माणसाची अब्रू जाते. माझं झाकण फुटलं तर अख्खा माणूस जातो."

पण मावशीला या कामाची गोडी लागली ती झाकणांमुळे नव्हे, बागेतल्या पाणपोईमुळे.

शहराच्या मधोमध मोठी बाग आहे. तिच्या आतल्या चौकात, जुन्या झाडांच्या सावलीत, ही पाणपोई उभी होती. सगळी बिडाची, कुणा हौशी माणसांनी फार पूर्वी ओतलेली. आठ बारीक खांब, त्यांवर जाळीदार घुमट, घुमटाच्या टोकावर पंख अर्धे उघडलेला बगळा. खांबांना खालपासून वरपर्यंत वेल बिलगलेला. मध्ये पसरट कुंडी, आणि कुंडीवर चार मासे चार दिशांना तोंड वासून बसलेले. माशांच्या तोंडातून पाण्याची धार पडायची. साखळीला बांधलेला पेला त्या धारेखाली धरायचा आणि प्यायचं.

माझी आजी त्या बागेत झाडलोट करायची, आणि तिच्या दोघी मुली, माझी आई आणि मावशी, दिवसभर तिथेच हुंदडायच्या. आई झाडांवर, मावशी पाणपोईपाशी. वाफ्यातली ओली माती मळायची, खांबावरच्या पानावर दाबायची आणि अलगद सोडवून घ्यायची. मातीत पानाचा ठसा उठायचा, शिरा न् शिरा दिसायची. असे ठसे ती बाकावर ओळीने वाळत घालायची आणि बसायला आलेल्या लोकांना हाकलून द्यायची.

एका संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ पाणी प्यायला आले आणि बाकापाशी थांबले. फाउंड्रीतले थोरले साचेवाले होते ते. त्यांनी एक ठसा उचलून उजेडात धरला.

"माती पानाला चिकटली कशी नाही?"

"आधी राख भुरभुरली," मावशी म्हणाली.

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. चिकटत होती, म्हणून राख लावून बघितली."

"मोठी झालीस की ये माझ्याकडे," ते म्हणाले आणि निघून गेले.

मोठी माणसं असं बोलतात आणि विसरतात. तेही विसरले. मावशी मात्र शाळा सुटली तशी थेट फाउंड्रीच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथे तोवर कुठल्याही बाईने साचा भरला नव्हता. थोरल्यांना काही केल्या ती आठवेना. मग तिने खिशातून मातीचा एक ठसा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हातारबुवांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "त्या कोपऱ्यात वाळूची चाळण आहे. लाग कामाला."

तिला वाटलं होतं, आता पानं, वेली, पक्षी ओतायला मिळणार. पण जमाना तो राहिला नव्हता. शहर वाढत होतं आणि वाढत्या शहराला हवी होती झाकणं. मावशी झाकणं भरत राहिली. केस पिकायला लागले, हाताखाली शिकलेले लोक मुकादम झाले, तरी ती झाकणंच भरत होती आणि एकेक झाकण असं करत होती की जणू ते कुणाच्या तरी दिवाणखान्यात लागणार आहे.

तिकडे पाणपोईचेही दिवस फिरले. पाणी कधी बंद झालं ते कुणाला नीट आठवत नव्हतं. मला तर ती कोरडीच ठाऊक. बागवाले अधूनमधून तिला रंग फासायचे, आधी हिरवा, मग चंदेरी, मग चॉकलेटी. रंगावर रंग चढून माशांचे खवले बुजले, पानांच्या शिरा बुजल्या, बगळ्याची मान तर साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली. लोक तिच्या खांबांना सायकली टेकवायचे. मावशी बागेत जायचीच बंद झाली. "आजारी माणसाला भेटायला गेल्यासारखं वाटतं," म्हणायची.

मग एके दिवशी काकांकडे विजारीचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने बोलता बोलता सांगितलं की बागेत बँडचा कार्यक्रम होता, खुर्च्या घेऊन आलेला ट्रक मागे घेताना पाणपोईवर आदळला, एक खांब मोडला, घुमटाचा तुकडा खाली आला. कुणाला लागलं नाही, पण बागवाल्यांनी ती सगळीच उतरवून नेली.

मावशी हातातलं काम टाकून पुढच्या खोलीत आली. "नेली म्हणजे कुठे नेली?"

गिऱ्हाइकाला ते ठाऊक नव्हतं. काका टेप गळ्यात तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी तिला एकदाही चिडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या कामावर गेलो. मी त्याच फाउंड्रीत माल पाठवण्याच्या खोलीत बसायचे, त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

फाउंड्रीच्या मागच्या अंगणात भंगाराचा ढीग असतो. फुटके नळ, मोडक्या शेगड्या, यंत्रांचे तुकडे. भट्टीवाला ते घणाने फोडतो आणि भट्टीत टाकतो. आमच्या भट्टीवाल्याच्या भुवया कायम जळलेल्या असायच्या, म्हणून सगळे त्याला बिनभुवया म्हणत. मावशी वाळू आणायला मागे गेली तेव्हा बिनभुवयाने घण डोक्यावर उचलला होता, आणि घणाखाली, ढिगाच्या माथ्यावर, चॉकलेटी रंगाचा एक मासा तोंड वासून पडला होता.

"हात खाली घे," मावशी म्हणाली.

आवाज चढला नव्हता, पण बिनभुवयाचा घण हवेतच थबकला. "मावशी, भंगार आहे ते."

"घण ठेव खाली. आणि तिथून उतर."

तो उतरला. मावशी ढिगावर चढली आणि पाय पसरून बसली. तिच्या एका बाजूला मासा, दुसऱ्या बाजूला बगळा आणि खाली खांबांची मोळी. मी धावत गेले तर मला म्हणाली, "मालकांना बोलाव. मी इथून उठत नाही."

मालक आले. भला माणूस, पण वाक्य कधी पुरं करायचा नाही. "अगं मावशी, हे काय... भट्टी उद्या पेटायचीय, आणि तू अशी..."

"मालक, ही बागेतली पाणपोई आहे."

"ते मला... बागेच्या ऑफिसातूनच तर आलंय. त्यांनीच टाकलं, आता आपण काय..."

"त्यांनी परत मागितलं तर?"

मालकांनी मान खाजवली. "मागितलं तर प्रश्नच... पण मागतंय कोण?"

"मागायला लावते," मावशी म्हणाली. ती उठली आणि बिनभुवयाकडे बोट दाखवून मला म्हणाली, "मी येईपर्यंत याच्यावर डोळा ठेव." मग तिने मासा उचलला, काकांनी शिवलेल्या जाड कापडी पिशवीत कोंबला आणि अंगावरचा चामड्याचा एप्रन न सोडताच फाटकाबाहेर पडली. मासा चांगला जड होता. मला राहवेना. बिनभुवयाला शपथ घालून मी तिच्या मागे पळाले आणि पिशवीचा एक बंद धरला.

बागेच्या ऑफिसात एक इंजिनीअर बाई होत्या, वयाने तरुण, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांच्या टेबलावर नकाशे पसरले होते. मावशीने नमस्कार केला, नकाशे हळूच बाजूला सारले आणि मासा टेबलावर ठेवला. टेबल कुरकुरलं.

"हा कोण?" बाईंनी विचारलं.

"तुमचाच आहे. भट्टीत निघाला होता."

मावशीने खिशातून पातळ पाती काढली आणि माशाच्या पाठीवरून रंग खरवडायला सुरुवात केली. चॉकलेटी गेला, चंदेरी गेला, हिरवा गेला, आणि खालून काळ्याभोर बिडात एकाआड एक बसवलेले खवले वर आले, एकेक वेगळा, प्रत्येकाच्या मधोमध केसाएवढी रेघ. इंजिनीअर बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी खवल्यांवरून बोट फिरवलं. मग मावशीच्या हातातली पाती मागून घेतली आणि स्वतः खरवडायला लागल्या.

"मी याला रंगवलेला दगड समजत होते," त्या म्हणाल्या. "बाकीचं कुठे आहे?"

"आमच्या अंगणात."

"चला."

त्यांनी शिपायाला काहीतरी सांगितलं आणि आम्ही तिघी मासा घेऊन उलट्या पावली निघालो. बाई आल्या तशाच अंगणात बाह्या सावरून बसल्या आणि दिवसभर आमच्याबरोबर तुकडे लावत राहिल्या. बागेच्या साहेबांना मी समजावते, म्हणाल्या. आणि खरंच समजावलं. साहेबांनी एवढंच कबूल केलं की महिनाअखेरपर्यंत पाणपोई जागेवर उभी राहिली तर राहिली, नाहीतर त्या चौकात फरशी घालायची. मालकांनीही अंगणाचा एक कोपरा मोकळा करून दिला. "झाकणांचं काम थांबता कामा नये, बाकी तुम्ही काय ते..." एवढं बोलून ते आत गेले.

मावशीच्या पायाला जणू भिंगरी लागली. दिवसभर झाकणं, आणि सुट्टी झाली की पाणपोई. आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा व्हायचो. रंग खरवडताना रोज काही ना काही हाती लागायचं आणि आरडाओरडा व्हायचा. एकदा बिनभुवया खांबाचा आतला भाग घासत होता, तो एकदम ओरडला, "मावशी, बेडूक." आम्हाला वाटलं अंगणात बेडूक शिरला. जाऊन बघतो तर वेलाच्या पानाआड, कुंडीकडे तोंड करून, अंगठ्याएवढा एक बिडाचा बेडूक दबा धरून बसलेला. मग दुसऱ्या खांबावर शोधलं, तिथेही. प्रत्येक खांबावर एक, प्रत्येक वेगळ्या पानाआड. मावशीने लहानपणी त्या खांबांवर इतकी माती थापली, पण बाहेरच्या अंगाने. आतल्या अंगाला बेडूक आहेत हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. ती वेड्यासारखी हसत एका खांबाकडून दुसऱ्याकडे पळत होती, आणि नवा बेडूक सापडला की त्याच्या पाठीवर टिचकी मारत होती.

सगळे तुकडे जुळवल्यावर कळलं की दोन गोष्टी नव्याने ओताव्या लागणार. एक खांब आणि घुमटाच्या जाळीची एक पाकळी. घुमट अशा आठ पाकळ्यांचा होता, त्यांतली एक ट्रकच्या धक्क्याने चक्काचूर झाली होती.

खांब फारसा अवघड नव्हता. दुसरा खांब वाळूत दाबायचा, ठसा घ्यायचा, त्यात वितळलेल्या बिडाचा रस ओतायचा. फक्त एक गोष्ट आहे. बीड थंड होताना आक्रसतं. मूळ वस्तूवरून साचा काढला की नवी वस्तू मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान भरते. खांबाचं निभावलं, खाली एक चकती घातली की उंची सारखी. पण पाकळी दोन्ही बाजूंनी शेजारच्या पाकळ्यांना बोल्टने बसायची होती. ती नखाएवढी जरी कमी भरली तरी भोकं जुळणार नव्हती.

मावशी घरी आली आणि जेवताना भिंतीकडे बघत बसली. काकांनी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं.

"म्हणजे कापड धुतल्यावर आटतं, तसं?" काका म्हणाले.

"तसंच."

"मग आम्ही काय करतो? शिवतानाच माया सोडतो, बोटभर कापड जास्त धरतो."

मावशीने घास हातातच धरला. "लोखंडाला माया कुठून सोडू?"

"लोखंडाला नको. नमुन्याला सोड. चांगल्या पाकळीच्या कडेने मी चामड्याची पट्टी डकवून देतो. तुझी वाळू तिचाच ठसा घेईल, तिला काय कळतंय चामडं कुठलं आणि बीड कुठलं."

मावशी ताटावरून उठली आणि तिने उष्ट्या हाताने नवऱ्याची पाठ थोपटली. काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाच बोटं उमटली. "हा सदरा गेला," काका म्हणाले, पण त्यांचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

इतक्या वर्षांच्या संसारात काका पहिल्यांदा फाउंड्रीत आले. गळ्यात टेप, कानामागे खडू, हातात कात्री. पाकळीच्या कडेकडेने त्यांनी कोवळ्या चामड्याच्या पट्ट्या अशा बसवल्या की सांधा कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं. जिथे जाळीचा वेल वळत होता तिथे त्यांनी चामड्यालाही बारीक चुण्या घातल्या. आजूबाजूला साचेवाले जमले होते. त्यांतला एक म्हणाला, "काका, तुम्ही इकडेच या कामाला." काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "नको. घरी एक मुकादम आहे, तेवढी पुरे."

मग मावशीने साचा भरला. लाकडी पेटीत पाकळी ठेवली, वर बारीक चाळलेली वाळू टाकली, बोटांनी दाबली, मग ठोकणीने ठोकली. पेटी उलटी केली, वरचा अर्धा भरला, दोन्ही अर्धे वेगळे केले आणि श्वास रोखून पाकळी वर उचलली. एक कणही ढळला नाही. वाळूत उलटी जाळी उमटली होती, पानं, देठ, मधली भोकं, सगळं. मावशीने पेटी बंद केली.

भट्टी पेटली होती. बिनभुवयाने तिचं तोंड फोडलं आणि पिवळाधमक रस पन्हाळीतून पळीत उतरला. दोघांनी लांब दांड्यांची ती पळी उचलून आणली आणि मावशीच्या खुणेसरशी साच्याच्या तोंडात रस सोडला. निळ्या ज्वाळा वाळूतून फुरफुरल्या. दुसऱ्या बाजूच्या भोकातून रस वर दिसला. भरला, सगळे म्हणाले.

थंड झाल्यावर पेटी फोडली. वाळू झटकली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. जाळी इतकी नाजूक होती की रस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत निवला होता. मधोमध दोन पानं भरलीच नव्हती आणि एक देठ हात लावताच खळकन मोडला.

इंजिनीअर बाई त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या. महिना संपत आला होता. मावशीने ती बिघडलेली पाकळी उचलून उन्हात धरली, वळवून वळवून पाहिली, आणि तिचा चेहरा उजळायला लागला.

"कडा बघा," ती म्हणाली. "कडा बरोबर आल्यात. चामड्याचं गणित जमलंय." मग बिनभुवयाकडे वळली. "रस आणखी तापवशील का?"

"आणखी तापवला तर माझे केसही जातील."

"भुवया गेल्याच आहेत. आणखी तापव. आणि एका तोंडाने नाही, दोन तोंडांनी ओतायचं. दोन पळ्या, दोन्ही बाजूंनी, एकाच वेळी. मध्ये गाठ पडेपर्यंत दोन्हीकडचा रस गरम."

अशी ओतणी त्या फाउंड्रीत कुणी केली नव्हती. दोन पळ्या म्हणजे चार माणसं, आणि चौघांचे हात एकाच क्षणी वाकायला हवेत. एक पळी जरा आधी रिकामी झाली तर सगळं मुसळ केरात. मावशीने चौघांना रिकाम्या पळ्या देऊन अंगणात तालीम घेतली. पळ्यांत पाणी भरलं आणि दोन बादल्यांत ओतायला लावलं. पहिल्यांदा एकाचे बूट भिजले, मग दुसऱ्याचे, मग सगळे हसायला लागले. मावशी टाळी वाजवायची, पळ्या वाकायच्या. पुन्हा टाळी, पुन्हा पळ्या. मालक खिडकीतून बघत होते. शेवटी न राहवून बाहेर आले. "एका दांड्याला मी... म्हणजे तरुणपणी मी सुद्धा..." आणि त्यांनी कोट काढून ठेवला. त्यांचं वाक्य त्या दिवशी हातांनी पुरं झालं.

दुसऱ्या ओतणीला सगळी फाउंड्री काम सोडून जमली. काका दारात उभे होते, टेपचं टोक दातात धरून. बिनभुवयाने भट्टीचं तोंड फोडलं आणि या वेळी रस पिवळा नव्हता, पांढरा होता, डोळे दिपवणारा. दोन पळ्या भरल्या. चौघं साच्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. मावशी मधोमध, दोन्ही हात वर.

टाळी वाजली.

दोन्ही पळ्या एकदम वाकल्या. साच्यात घुरघुर झाली, ज्वाळा चारी बाजूंनी उसळल्या, आणि मधल्या भोकातून रसाचा लाल थेंब फुगून वर आला. "बस," मावशी म्हणाली. पळ्या उठल्या. कुणी जागचं हललं नाही.

पेटी फोडायच्या वेळी मावशीने सगळ्यांना मागे सारलं. तिने वाळू हातांनी बाजूला केली, मग ब्रशने. एक पान दिसलं, मग देठ, मग मधली दोन पानं, जी आधी आलीच नव्हती. तिने पाकळी वर उचलली आणि लोखंडी सळीने तिला हळूच टोला दिला. घंटेसारखा लांब, स्वच्छ आवाज घुमला. कुठे चीर असती तर तो आवाज आला नसता. बिनभुवयाने शेजारच्याला मिठी मारली, मालक नाकावरची काजळी पुसायच्या निमित्ताने डोळे पुसत होते, आणि काका टेप काढून पाकळी मोजायला धावले.

"बरोबर?" मावशीने विचारलं.

"अंगावर बेतल्यासारखी," काका म्हणाले.

पाणपोई उभी करायला आम्ही सगळे बागेत गेलो. तीन वाशांच्या तिकाटण्याला साखळी बांधून एकेक खांब उचलला, बसवला. कुंडी, मासे, घुमटाच्या पाकळ्या. नवी पाकळी शेवटी. मावशी शिडीवर चढली. एका बाजूचे बोल्ट बसले, दुसऱ्या बाजूचे बसले, एका कोपऱ्यात जरा अडलं. तिने कानस मागितली, चार वेळा फिरवली, अंगठ्याने दाबलं, आणि पाकळी खट्कन जागेवर गेली. खाली उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोवर चांगलीच गर्दी जमली होती, कारण रंग उतरलेली पाणपोई लोक पहिल्यांदाच बघत होते. एकीने आपल्या नातवाला बेडूक दाखवले आणि मग बेडूक बघायलाच रांग लागली.

पाण्याचं काम इंजिनीअर बाईंचं. जुना नळ मातीखाली अजून धड आहे, असं त्या पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या आणि कुणाचा विश्वास बसत नव्हता. त्यांनी तो दोन ठिकाणी उकरून तपासला होता, एक तुकडा बदलला होता. आता त्या गुडघ्यांवर बसल्या, जमिनीतल्या चौकोनी खड्ड्यात लांब चावी घातली आणि फिरवली.

काही झालं नाही.

त्यांनी आणखी फिरवली. कुठेतरी खोल गुरगुर झाली. एका माशाने खोकल्यासारखा आवाज केला आणि तोंडातून तांबडा गाळ टाकला. लोक मागे सरले. दुसऱ्याने हवा सोडली. मग पहिल्या माशाच्या तोंडातून तांबूस पाणी आलं, मग फिकट, मग एकदम निवळशंख धार कुंडीत पडली. दुसरा मासा सुरू झाला, तिसरा. चौथा अडून बसला होता. मावशीने त्याच्या डोक्यावर चापट मारली आणि त्याची धार थेट इंजिनीअर बाईंच्या तोंडावर उडाली. बाई ओल्याचिंब होऊन खड्ड्यापाशीच बसून हसत राहिल्या. लोकांनी हात पुढे केले, ओंजळी धरल्या, पेले एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागले.

मावशी शिडी, साखळी, अवजारं आवरत होती. ती आवरून होईपर्यंत पाण्याची रांग बागेच्या फाटकापर्यंत पोचली होती. मी म्हटलं, "मावशी, पुढे ये ना. तुला कोण अडवणार?"

"रांग आहे," ती म्हणाली आणि जाऊन सगळ्यांच्या मागे उभी राहिली. काकाही तिच्या मागे उभे राहिले. रांग हळूहळू सरकत होती आणि ती मान उंचावून घुमटाकडे बघत होती. बोटं काळी, केसांत वाळू, गालावर कानशीचा कीस चमकत होता.

तिची पाळी आली. तिने पेला धारेखाली धरला, भरला, एका दमात प्यायली. पुन्हा भरला. घोट तोंडात फिरवून गिळला.

"जरा बिडाची चव लागतेय," ती काकांना म्हणाली. "वाहतं राहिलं की जाईल."

"बाई, लवकर आटपा," मागून एक माणूस म्हणाला. "आम्हालाही प्यायचंय."

मावशीने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलून आला होता. तिने पेला काठोकाठ भरला आणि स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे धरला.